फॅमिली गाडीचं इंजिन

सासूबाई पहिल्यांदा शारजाला आल्या तेव्हाची गंमत सांगते. मोटारसायकल घेणार नाही, अशी शपथ माझ्या नवऱ्याने त्यांच्या पायाला हात लावून घेतली होती. आणि मोटारसायकल घेतली नव्हतीच त्याने. ऑफिसातल्या इंग्रज पीटरबरोबर अल कुसैसच्या एका शेडमध्ये ब्रिटिश किट कार, म्हणजे सुटे भाग आणून आपणच बांधायची गाडी, तेवढी जोडली होती. दारं नाहीत, छप्पर नाही, सीटा दोनच.

सासूबाईंनी बॉनेटला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. पीटर खुशीत येऊन मला इंग्रजीत सांगायला लागला, "आमच्याकडे पूर्वीपासून यात साध्या फॅमिली गाडीचं इंजिन बसवतात. तुझ्या नवऱ्याने मात्र हट्टाने जपानी मोटारसायकलचं बसवलं!"

"काय म्हणतो गं तो?" सासूबाईंनी विचारलं.

नवरा डोळ्यांनीच माझ्या पाया पडत होता.

"म्हणतोय, यात साध्या फॅमिली गाडीचं इंजिन बसवतात."

नवऱ्याने सुटकेचा निःश्वास टाकून गाडी सुरू केली. इंजिन असं किंचाळलं की पलीकडच्या शेडमधले लोक बाहेर आले.

सासूबाई शांतपणे त्याला म्हणाल्या, "तुझ्या बाबांच्या मागे बसून संसार केलाय मी. मोटारसायकलचा आवाज मला कळत नाही होय?"

मग पदर खोचून त्या रिकाम्या सीटवर बसल्या.

"शपथ मोडलीच आहेस, तर निदान फिरवून तरी आण. आणि सूनबाई, तू टॅक्सीने ये."