विहिणीच्या खिडकीतली फिल्म

एक होती आजी, एक होती तिची नात आशा, आणि एक होती पिंपळनेरची विहीण. आजी म्हणजे मीच, बरं का!

साखरपुडा झाला आणि आशाचं डोकं दुखायला लागलं, म्हणून धुळ्याला सिटी स्कॅन काढला. त्यात कवटीच्या तळाला एक भोक जास्तीचं निघालं. ही बातमी आमच्या आधी पिंपळनेरला! विहीण तडक आली. "अक्का, डोकामा भोक असलेली पोर आमले नको."

मी तिला हात धरून फोटो वाचणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडेच नेलं. बाई म्हणाल्या, "शिरा जायला तिथे सगळ्यांनाच भोकं असतात. कुणाला एखादं जास्तीचं. हा आजार नाही."

"आमना घरमा कोनाले नही," विहीण अडूनच बसली.

"तुमचा कधी स्कॅन काढला होता?" बाईंनी विचारलं.

काढला होता, गाडीवरून पडली तेव्हा. पण ती फिल्म स्वयंपाकघराच्या खिडकीत, फुटक्या काचेच्या जागी लावलेली! नवरदेव स्वतः ती काढून घेऊन धावत आला. बाईंनी काजळी पुसून फिल्म उजेडाकडे धरली. काय नजर त्या बाईंची! तिळाएवढ्या ठिपक्यांवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे बघा, तुम्हाला तर दोन जास्तीची."

विहिणीने फिल्म स्वतः उजेडाकडे धरून पाहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अक्का, मंग पोर आमनीच शे. तारीख काढा."

आशाची डोकेदुखी चष्म्याने गेली, लग्न वाजतगाजत झालं. आता खिडकीला नवी काच आहे, आणि ती फिल्म सासू-सुना मिळून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात.