नानांनी जपलेली कुऱ्हाड

माणसानं किती निगरगट्ट असावं, याला काही हद्द? आमच्या पडेगावात शेजारी नाना राहतात, कचेरीतून रिटायर झालेले. बंबाची लाकडं फोडायला माझी कुऱ्हाड घेऊन गेले आन् संध्याकाळी परत आणून माझ्याच अंगणातल्या ओंडक्यात ठोकून गेले. मला वाटलं, लई सभ्य माणूस! सकाळी उपसून बघतो, तर धारेचा डाळीएवढा टवका उडालेला. फरशीवर आपटली असणार, आन् तेच लपवायला पातं लाकडात घुसवलेलं.

मी कुऱ्हाड तशीच कोपऱ्यात ठेवून दिली. आठवड्यानं नाना पुन्हा दारात. कुऱ्हाड हातात घेतली, मोठ्या जाणकारासारखा धारेवर अंगठा फिरवला आन् मलाच म्हणतात, "काय राव, शेतकऱ्याच्या घरचं हत्यार असं ठेवतात व्हय?"

माझं टाळकंच सरकलं. आतून कानस आणली आन् त्यांच्या पुढ्यात टाकली. म्हटलं, "एवढीशी खाच हाय नाना, कानशीनं घासली की निघते. बसा आन् घासा."

"घरी निवांत घासतो," म्हणाले, आन् कानसपण घेऊन गेले.

काल मला लाकडं फोडायची होती. माझीच कुऱ्हाड मागायला मी त्यांच्या दारात! कानशीचं तर नावच नाय. नानांनी कुऱ्हाड दोन्ही हातांनी माझ्याकडं दिली आन् म्हणाले, "जपून वापरा हां, आत्ताच धार लावलीय. आन् काम झालं की आठवणीनं आणून द्या."