गिरणीच्या रांगेतला हेनारो

मक्याच्या गिरणीपुढे क्रेसेन्सिया रांगेत उभी राहून ऐकत होती. तिच्यापुढे एउलोहियामावशी आणि होविता, आणि त्यांच्यापुढे चुन्याच्या पाण्यात भिजवलेल्या मक्याची बादली घेतलेला हेनारो. रांगेत पुरुष असा तो एकटाच.

“इथं कधी गडीमाणूस पाहिला होतास का गं, होविता?”

“नाही बाई. पण यंदा गावसभेनं त्याच्या बायकोला रात्रीच्या गस्तीला शिपाई नेमलंय ना, मावशी.”

“म्हणून यानं दळण आणायचं? आमच्या वेळी कोंबड्यासुद्धा हसल्या असत्या.”

“हळू बोला, ऐकतोय तो.”

“ऐकू दे की! काय रे हेनारो, राणीसाहेब उठल्या नाहीत वाटतं अजून?”

“आत्ताच आडवी झालीय, मावशी.”

“घ्या! उन्हं वर आली नि ही आडवी होतेय.”

“रात्रभर बाहेर होती. तुमचा लेक सेलेदोनियो पिऊन ओढ्यात पडला होता. त्याला काढला, त्याच्या घरी पोचवला, मग आली.”

एउलोहियामावशी हेनारोजवळ सरकली.

“शुद्धीवर आहे ना रे तो?”

“आहे. झोपलाय.”

“बघू तुझी बादली. अरे, किती हा चुना! मका पार पिवळा पडलाय. संध्याकाळी घरी ये, किती घालायचा ते दाखवते.”

“येतो.”

“आणि तिला उठवू नकोस. आजच्या भाकऱ्या मी पाठवते.”