तिची रोजची सुई

नाही, आत नको जाऊस. आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा. इथेच बस, बाकावर. पाय? सुजलेलाच आहे अजून — डावा, उजव्याच्या दुप्पट झाला होता, हात लावला तरी कळवळायची. रक्ताची गुठळी धरली, म्हणाल्या डॉक्टरीणबाई. ती वर सरकून फुप्फुसात गेली असती तर पोटातल्या बाळासकट गेली असती तुझी बायको. असं मला सांगितलं त्यांनी — मलाच, कारण तू कुठे होतास? मावशीकडे. फोन बंद करून.

चिडू नको? मग काय, पाठ थोपटू तुझी? दोन बाळं पोटातच गेली तुमची. का गेली, तेही तपासण्या करून कळलं — तिचं रक्त पटकन गोठतं, वारेत गुठळ्या होतात, बाळाचं पोषणच तुटतं. म्हणून ते रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन, रोज, पोटाच्या कातडीत. पहिल्या दिवशी सुई बघून तू जिन्यात जाऊन उभा राहिलास. म्हटलं, असू दे, नाही बघवत एकेकाला. नर्सबाईंनी मला शिकवलं — कातडी चिमटीत धरायची, सरळ टोचायचं, हळूहळू दाबायचं, नंतर चोळायचं नाही. मी सुई धरून नुसतीच बसायचे. तीच मला धीर द्यायची, 'टोचा हो आई, मी दुसरीकडे बघते.' पोटभर काळेनिळे डाग, पण एका शब्दानं कुरकुर नाही. आणि तू? मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मामाकडे काय गेले, मावशीनं तुझे कान भरले — रक्त पातळ झालं की मूल वाहून जाईल — आणि तू घरातली सगळी इंजेक्शनं उचलून फेकून दिलीस. डॉक्टरांना विचारलंस? अरे, ते औषध बाळापर्यंत पोचतच नाही, हे तिनं तुला सांगितलं होतं. तर तिलाच ऐकवलंस, 'आमच्या घरात कुणाला असलं काही लागलं नाही.'

कुणाला लागलं नाही? तुझ्या आधी माझी तीन गेली. — असा बघू नकोस. नाही सांगितलं, कशाला सांगायचं? तेव्हा कोण रक्त तपासत होतं? बाईतच खोट, म्हणाले, संपलं. आणि तुझे वडील... तेही असेच निघून जायचे, भावाकडे. सगळं निस्तरून झालं की परत यायचे आणि जेवायला वाढ म्हणायचे. मी वाढायचे.

जाऊ दे ते. आता दिवसातून दोनदा टोचतात, डोस वाढवून. गुठळी वाढायची थांबली की हळूहळू विरेल, म्हणाल्या. बाळाचे ठोके नीट आहेत. मशीनवर ऐकवले ना — टापांसारखे, धडधड धडधड — आणि तिनं माझा हात इतका घट्ट धरला, की मला तुझा राग आला. अजूनच आला. तो हात तुझा असायला हवा होता रे.

आता टोचायला शिकवू तुला? आज? — थांब. जागी झाली वाटतं.

नाही. 'आई' म्हणाली ती. तुला नाही बोलावलं. बस तू इथेच.