साहेबांचा सभात्याग

...आनि वर शेजारनी मलाच म्हनतात, "संध्यावहिनी, नशीब काढलंत, साहेब आता तुमच्या शब्दाबाहेर नायत!" नशीब कसलं, तुमाला सांगते, जीव टांगनीला लागलाय माझा.

अहो, आमचे साहेब, कमळाकरशेठ, विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. सरकार काय बोललं रे बोललं की हे उठले, "निषेध असो," आनि सभात्याग... मागून सगळे आमदार रांगेनं बाहेर. घरी पन तेच. आमटी खारट झाली? सभात्याग. ताट घेऊन गॅलरीत. मी ताक घेऊन मागून धावायची, भांडायची, आनि मग दोघं तिथंच मांडी घालून जेवायचो. काय गोड होतं ते, आता कळतंय.

गेल्या निवडनुकीत पडले आनि आवाजच गेला हो मानसाचा. "आमटी खारट झाली का?" "छान हाय." "बातम्या बंद करून मालिका लावू?" "लाव की." सकाळी कडक पांढरे कपडे घालून दारात बसतात, कोनी येत नाय. बघवत नाय मला. मग करू काय मी?

परवा ठरवलं, आता मीच सरकार. जेवायच्या वेळी दिपेश, सून मनस्वी, नात जाई, सगळ्यांसमोर टेबलावर हात आपटला. "आजपासून या घरात रोज दुधी. मंजूर. चर्चा नाय."

साहेब भाकरी मोडता मोडता थांबले. दुधीचं काय नाय, ताटात येईल ते मुकाट खात होते. पन चर्चा नाय? मान वर आली. "चर्चेशिवाय मंजूर? विरोधकांनी बोलायचंच नाय? ही काय मनमानी हाय?" आवाज असा, की खाली सोसायटीचा वॉचमन खुर्चीतून उठला. मी म्हनलं, "खाली बसा." झालं... "निषेध असो!" चपला घातल्या आनि तरातरा दाराबाहेर. माझ्या डोळ्यांना धार लागली, तुमाला सांगते. आला बाई, माझा मानूस परत आला.

पन पाठोपाठ जाई उठली, मनस्वी उठली, दिपेश, पोटचा पोरगा, तो पन उठला. "आई, आमी विरोधी पक्षात." आनि सगळे साहेबांच्या मागून रांगेनं गेले ऐरोली स्टेशनजवळ पावभाजी खायला.

मग करू काय मी? सरकारला कुठं सभात्याग करता येतो... बसले एकटीच, दुधी संपवत.