आभाचं शेवटचं बोरन्हाण

कळंब सुटताच मैनाबाईंनी झोपेचं असं सोंग घेतलं, की कंडक्टरनंही तिकीट कुजबुजत विचारलं. पुढच्या सीटवर मुलाची अन् सुनेची जुंपली होती.

"बाबाले जाऊन वर्ष नाही झालं, निशिगंधा. यंदा संक्रांत नाही."

"संक्रांत नका करू. आभाचं बोरन्हाण करा. पाचवं सरून राह्यलं तिचं, पुढच्या साली होत नाही."

"आईले काय वाटन?"

"विचारा ना."

"तू विचार."

"माही हिंमत नाही."

"मंग सोड. शाळेत तिळगूळ वाटू देजो, झालं."

"अन् पोरीले काय सांगू? आजोबा गेले म्हणून बोरंही गेली?"



मैनाबाई डोळे मिटूनच बोलल्या, "बोरं लहान घेजा रे. मागच्या साली तुह्या बापानं मोठाली ओतली, पोट्टी रडली होती."