पलंगाखालच्या विटा

डॉक्टर: पण या विटा इथे आणल्या कोणी?

प्लंबर: मीच, डॉक्टरबाई. कामावरच्या आहेत. स्वच्छ धुऊन आणल्यात.

डॉक्टर: मुलीचे पाय वर, डोकं खाली! अहो, काय चाललंय काय?

प्लंबर: तुम्हीच म्हणालात ना, औषध मेंदूपर्यंत पोचायला अवघड जातं? वरच्या मजल्यावर पाणी चढेना तर मी पंप लावतो. पोरीला पंप कुठे लावू? मग इमारतच कलती केली.

डॉक्टर: अहो, मेंदूच्या आवरणाला टीबीची सूज आहे. आत आधीच दाब वाढलाय, त्यात हे! काढा आधी!

प्लंबर: काढतो, काढतो. तेवढं तिकडून धरा. हां, सावकाश.

(दोघं मिळून पलंग खाली टेकवतात.)

प्लंबर: मग अडतंय कुठे, ते तरी सांगा.

डॉक्टर: मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची भिंत फार गच्च असते. ऐऱ्यागैऱ्याला आत सोडत नाही. त्यात हिचे जंतू नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाहीत. ज्या औषधांना देतात, त्यातली बरीचशी भिंतीबाहेरच राहतात.

प्लंबर: आणि टीबी कसा शिरला?

डॉक्टर: तो... शिरतो.

प्लंबर: वा रे वा! चोराला दार उघडं आणि पोलिसाला ओळखपत्र!

डॉक्टर: सध्या सूज आहे, म्हणून भिंत थोडी झिरपते. औषध जरा जास्त जातं. सूज उतरली की पुन्हा गच्च.

प्लंबर: म्हणजे पोरीला बरं वाटायला लागलं की औषध जायचं बंद? असं काम मी केलं तर गिऱ्हाईक जोड्यानं मारेल!

डॉक्टर: म्हणून तर भिंत गच्च असतानाही आत जातील अशीच औषधं निवडलीत. पण वेळ लागेल. महिने लागतील.

प्लंबर: लागू देत. बसेन मी. पण ती मला ओळखत नाही हो. परवापासून प्लंबरकाका म्हणते. आता प्लंबर तर मी आहेच, नाही कसं म्हणू?

डॉक्टर: सांगितलंत का, मी तुझा बाबा म्हणून?

प्लंबर: सांगितलं. तर म्हणाली, गप्पा पुरे, आधी बेसिन बघा.

डॉक्टर: मग?

प्लंबर: मग काय, केलं दुरुस्त. ते कोपऱ्यातलं, नर्सबाईंचं. खरंच गळत होतं.

डॉक्टर: अहो... बसा बघू इथे. डोळे पुसा.

मुलगी: काका. ओ काका.

प्लंबर: काय गं बाळा?

मुलगी: रडू नका. नाही जमलं तर राहू द्या. माझे बाबा येतील ना, ते करतील.